प्ले दाबल्यावर सिनेमा कुठून येतो?

प्रश्न असा आला आहे: “घरी शंभर एमबीपीएसची लाइन आहे, तरी मराठी सिनेमा मध्येच धुरकट होतो. मोबाइलवर तर ४८०पीच्या वर जातच नाही. तोच सिनेमा न्यू जर्सीतल्या माझ्या भावाला दिसत नाही. पात्रं बोलतात ते ऐकू येत नाही आणि गाणं लागलं की घर दणाणतं. हे व्हिडिओ ऑन डिमांड चालतं तरी कसं?”

मी बरीच वर्षं सिनेमे आणि मालिका ओटीटीसाठी तयार करून देण्याचं काम करतो. निर्मात्याकडून मास्टर, म्हणजे सिनेमाची मूळ प्रत घ्यायची, तपासायची, एन्कोड करायची, म्हणजे आवळून लहान करायची, सबटायटल बसवायची आणि प्लॅटफॉर्मच्या अटींप्रमाणे डिलिव्हरी द्यायची. या चारही तक्रारी माझ्या टेबलावर येत असतात. त्यांची मुळं समजून घ्यायची तर आधी एक समजूत सोडावी लागेल. प्ले दाबलं की लांबचा कुठला तरी सर्व्हर सिनेमा पाठवायला लागतो, असं बहुतेकांना वाटतं. टीव्ही चॅनल पाठवतं, इथे मात्र तुमचं यंत्र मागतं. तुमचा टीव्ही किंवा मोबाइल काही सेकंदांचा एकेक तुकडा मागून घेतो आणि तो कुठल्या दर्जाचा मागायचा हेही तोच ठरवतो. सर्व्हरचं काम मागितलेली फाइल देण्यापुरतं असतं. खरी मेहनत तुम्ही प्ले दाबण्याच्या कितीतरी आधी झालेली असते, आणि ती नीट झाली नसेल तर कितीही वेगाची लाइन घेऊन उपयोग नाही.

आधी आकडे बघू. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त बिंदू असतात. डोळा उजेड-सावलीतला बारकावा जितका पकडतो तितका रंगातला पकडत नाही, म्हणून रंगाची माहिती पाव बिंदूंपुरतीच ठेवतात. तसं करूनही बिंदूमागे सरासरी १२ बिट लागतात. सेकंदाला २४ चित्रं धरली की सेकंदाला साठ कोटी बिट झाले. दोन तासांचा सिनेमा या हिशोबाने ५४० जीबीच्या आसपास जातो. तुमच्या घरी तो साधारण ५ एमबीपीएसने येतो, म्हणजे एकूण साडेचार जीबी. दर १२० भागांतले ११९ भाग वाटेत गाळलेले असतात आणि तरीही चित्र चांगलं दिसावं अशी अपेक्षा असते.

हे गाळणं दोन गोष्टींवर चालतं. पहिली, एका चित्राच्या आत डोळ्याला न जाणवणारा बारकावा कमी करणं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, आधीच्या चित्रात जे होतं ते पुन्हा न साठवणं. वाड्याच्या ओसरीवर दोन माणसं बसून बोलताहेत असा शॉट घ्या. भिंत, खांब, कोनाडा हलत नाही. एन्कोडर पहिलं चित्र पूर्ण लिहितो. पुढच्या चित्रांसाठी ‘हा चौकोन होता तिथेच आहे, हा जरा डावीकडे सरकला, ओठांच्या भागात एवढा फरक पडला’ इतकंच नोंदवतो. असा शॉट फार थोड्या बिटांत बसतो.

आता त्याच सिनेमातली विसर्जनाची मिरवणूक घ्या. हवेत गुलाल उधळलाय, झेंडे नाचताहेत, ताशावर काठ्या पडताहेत, कॅमेरा गर्दीत हलतोय. गुलालाचा एकही कण आधीच्या चित्रात होता तिथे राहिलेला नसतो. एन्कोडरला जुळवायला काही सापडतच नाही, बिट संपतात आणि गुलालाच्या जागी गुलाबी चौकोन दिसू लागतात. कोकणातला धो धो पाऊस, समुद्राचा फेस, वाऱ्याने हलणारं भाताचं शेत, जुन्या फिल्मवरचा दाणा, सगळ्यांचं दुखणं हेच. मराठी सिनेमात हे प्रसंग भरपूर असतात आणि बहुधा तेच सिनेमाचे सर्वांत देखणे प्रसंग असतात. रात्रीच्या दृश्यांचा त्रास वेगळा. काळ्यापासून किंचित कमी काळ्याकडे जाणाऱ्या छटा उजेडाला मिळणाऱ्या ८ बिटांत पुरेशा नसतात, म्हणून कंदिलाच्या प्रकाशाभोवती पट्टे पट्टे उमटतात.

म्हणून सगळ्या सिनेमांना एकच माप लावणं चुकीचं आहे. पूर्वी तेच होत असे. अमुक रिझोल्यूशनला अमुक बिटरेट, म्हणजे सेकंदाला अमुक बिट, कार्टून असो की युद्धपट. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१५ मध्ये प्रत्येक शीर्षकाचं स्वतंत्र माप काढण्याची पद्धत जाहीर केली. आधी सिनेमा किती ‘अवघड’ आहे ते वेगवेगळ्या बिटरेटला एन्कोड करून तपासायचं आणि त्यावरून त्याची शिडी ठरवायची. पुढच्याच वर्षी त्यांनी चित्राचा दर्जा माणसाच्या डोळ्याच्या जवळ जाईल अशा रीतीने मोजणारं व्हीमॅफ नावाचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. आमच्यासारखे लहान स्टुडिओही आता ते वापरतात. पण वेगवेगळं माप काढायला जास्त वेळ आणि जास्त संगणक लागतात. कमी पैशात चालणारे प्लॅटफॉर्म अजून एकाच साच्यात सगळं घालतात. दोन ॲपवर एकच सिनेमा वेगळा दिसतो त्याचं हे पहिलं कारण.

शिडी म्हणजे एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती. सर्वांत खाली २४०पीची, दोन-तीनशे केबीपीएसची. मग ३६०, ४८०, ७२०, वर १०८०पीची पाच-सहा एमबीपीएसची, आणि ४के असेल तर त्याहून वर पंधराच्या आसपास. शिवाय कोडेक, म्हणजे चित्र आवळण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धती, वेगवेगळे. २००३ चा एच.२६४ जवळपास प्रत्येक यंत्राला कळतो. २०१३ चा एचईव्हीसी आणि २०१८ चा एव्ही१ तोच दर्जा कमी बिटांत देतात, पण जुन्या टीव्हीला ते उलगडता येत नाहीत. म्हणून जुन्या टीव्हीसाठी वेगळी शिडी ठेवावी लागते. मग प्रत्येक प्रतीचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे पाडतात. चार सेकंदांचा तुकडा धरला तर दोन तासांचे १८०० तुकडे होतात. सात पायऱ्या असतील तर चित्राचेच १२,६०० झाले. आवाजाचे आणि सबटायटलचे वेगळे. सगळ्या पायऱ्यांवरचे तुकडे नेमके एकाच क्षणी सुरू व्हावे लागतात आणि प्रत्येकाचं पहिलं चित्र पूर्ण लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर पायरी बदलताना चित्र फाटतं.

तुम्ही प्ले दाबता तेव्हा तुमच्या यंत्राला आधी एक छोटी मजकूर-फाइल मिळते. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. कुठल्या पायऱ्या आहेत, कुठल्या भाषेचे ट्रॅक आहेत, तुकडे कुठे ठेवलेत, एवढंच तिच्यात असतं. ती वाचून प्लेअर पहिला तुकडा मागतो, आणि तो मुद्दाम खालच्या पायरीचा मागतो. चित्र पटकन सुरू व्हावं हा हेतू. म्हणून सुरुवातीचे काही सेकंद धुरकट असतात, त्यात बिघाड काही नाही. पहिला तुकडा किती वेळात आला हे प्लेअर मोजतो. चार सेकंदांचा तुकडा अर्ध्या सेकंदात आला तर पुढचा वरच्या पायरीचा मागतो, साडेतीन सेकंद लागले तर खाली उतरतो. आधीच मागवून ठेवलेल्या तुकड्यांचा साठा किती जमलाय याकडेही त्याचं लक्ष असतं. साठा भरपूर असला की तो धाडस करतो, संपत आला की सुरक्षित खेळतो. मध्येच तुम्ही वीस मिनिटं पुढे सरकलात की जमवलेला साठा निरुपयोगी होतो आणि सगळं पुन्हा खालून सुरू होतं.

हे स्वतः बघायचं असेल तर सिनेमा लावून पाच मिनिटं चालू द्या आणि राउटर बंद करा. चित्र लगेच थांबणार नाही. अर्धा मिनिट, कधी त्याहून बरंच जास्त, सिनेमा चालू राहील. जमवलेला साठा तेवढा होता.

पूर्वी असं नव्हतं. खास प्रकारचे स्ट्रीमिंग सर्व्हर असायचे आणि प्रत्येक प्रेक्षकासाठी ते वेगळी जोडणी धरून बसायचे. प्रेक्षक वाढले की सर्व्हर कोलमडायचे. ॲपलने २००९ मध्ये तुकड्यांनी सिनेमा देण्याची एचएलएस ही पद्धत आणली, २०१२ मध्ये तसंच डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि मामला साध्या वेबसारखा झाला. तुकडा ही इतर कुठल्याही फाइलसारखी फाइल. फाइल म्हटली की ती कुणालाही जवळ साठवून ठेवता येते. या एका बदलामुळे हा धंदा एवढा वाढू शकला असं माझं मत आहे.

जवळ साठवणं म्हणजे सीडीएन, ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचं जाळं. मूळ प्रती एखाद्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये असतात, पण तुम्हाला मिळणारा तुकडा सहसा तिथून येत नाही. नेटफ्लिक्सचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे, कारण त्यांनी आपली रचना उघडपणे मांडली आहे. तुम्ही लॉगिन करता, पोस्टर बघता, शोधता, ते सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालतं. प्ले दाबल्यानंतरचं चित्र मात्र त्यांच्या स्वतःच्या ओपन कनेक्ट या जाळ्यातून येतं. ही डिस्कने खच्चून भरलेली यंत्रं ते इंटरनेट कंपन्यांना विनामूल्य देतात आणि ती त्या कंपन्यांच्याच इमारतीत किंवा इंटरनेट एक्सचेंजजवळ बसतात. उद्या कुठल्या भागात काय बघितलं जाईल याचा अंदाज काढून, गर्दी नसते अशा वेळी, बहुधा पहाटे, ती भरली जातात. संध्याकाळी तुम्ही प्ले दाबलंत की सिनेमा समुद्राखालच्या केबलमधून येत नाही. तो तुमच्याच कंपनीच्या रॅकमधल्या डिस्कवरून निघतो. बाकीचे प्लॅटफॉर्म बहुतेक करून अकामाईसारख्या सीडीएन कंपन्यांकडून जागा भाड्याने घेतात. किती जीबी वाहिले त्यावर बिल येतं. टीव्हीला एक प्रेक्षक वाढला म्हणून प्रक्षेपणाचा खर्च वाढत नाही. इथे प्रत्येक प्रेक्षकाच्या प्रत्येक मिनिटाचा खर्च असतो, आणि वरची पायरी दाखवली की तो वाढतो. काही ॲप फुल एचडी द्यायला नाखूश का असतात हे यावरून कळेल.

मराठी प्रेक्षकाला याची झळ एका विशिष्ट ठिकाणी लागते. जवळच्या डिस्कवर जागा मर्यादित असते, त्यामुळे जे खूप बघितलं जातं तेच तिथे राहतं. गाजलेली हिंदी मालिका सगळीकडे भरलेली असते. दहा वर्षांपूर्वीचा एखादा मराठी सिनेमा सोलापुरात किंवा टोरांटोत त्या आठवड्यात कुणीच लावलेला नसेल, तर त्याचा तुकडा जवळ नसतो. पहिला माणूस प्ले दाबतो तेव्हा तो मूळ ठिकाणाहून आणावा लागतो. सुरू व्हायला वेळ लागतो, प्लेअरला वेग कमी वाटतो आणि तो खालची पायरी धरतो. त्याच रात्री तिथेच दुसऱ्या कुणी लावला तर तो झटकन सुरू होतो. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर सिनेमा धुरकट होण्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे स्पीड टेस्ट तुमच्यापासून जवळच्या, मोकळ्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते. सिनेमाचा रस्ता तोच असेल असं नाही. रात्री नऊ ते अकरा सगळी इमारत एकदम बघत असते आणि केबलवाल्याची वरची लाइन तेवढीच असते. तिसरं घरातलंच. राउटर हॉलमध्ये, टीव्ही दोन भिंतींपलीकडे, आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांच्या दहा राउटरशी भांडतंय. शक्य असेल तर टीव्हीला लॅन केबल लावा. या एका उपायाने जितक्या तक्रारी मिटतात तितक्या महागड्या प्लॅनने मिटत नाहीत.

थेट सामन्याचं गणित वेगळं असतं हे जाता जाता सांगतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. तिथे पहाटे डिस्क भरून ठेवता येत नाही, कारण तुकडा अजून जन्मलेलाच नसतो. सिनेमाच्या बाबतीत आपल्याला वेळ असतो, आणि ती मोठी सवलत आहे. एकूण क्षमता मात्र दोघांची सामायिक. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भारतातल्या सगळ्या मोठ्या प्लॅटफॉर्मनी मोबाइल नेटवर्कवर ४८०पीच्या वर न जाण्याचं एकत्र ठरवलं होतं. मॅनिफेस्टमधून वरच्या पायऱ्या काढून टाकल्या की हे होतं. एकही सिनेमा पुन्हा एन्कोड करावा लागत नाही.

आता मोबाइलवरच्या ४८०पीचं. आधी तुमचा प्लॅन बघा. नेटफ्लिक्सच्या मोबाइल प्लॅनला ४८०पीचीच मर्यादा आहे. प्लॅन मोठा असूनही अडत असेल तर कारण बहुधा कुलपात आहे. प्रत्येक तुकडा कूटबद्ध केलेला असतो. मॅनिफेस्ट मिळाल्यावर प्लेअर लायसन्स सर्व्हरकडे किल्ली मागतो. किल्ली देताना तुमचं खातं, तुमचा देश आणि तुमच्या यंत्राची पात्रता तपासली जाते. अँड्रॉइडवर हे काम गूगलचं वाइडवाइन करतं. त्याच्या एल१ पातळीत किल्ली आणि उलगडलेलं चित्र चिपमधल्या सुरक्षित कप्प्यातच राहतं. एल३ मध्ये सगळं साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, म्हणून चोरी सोपी. निर्मात्यांबरोबरच्या करारात एचडी फक्त एल१ ला द्यायची अट असते. फोन कितीही महाग असो, कंपनीने एल१ चं प्रमाणन घेतलं नसेल किंवा फोनचं मूळ सॉफ्टवेअर बदलण्यासाठी तुम्ही त्याचा बूटलोडर उघडला असेल, तर ४८०पीवर थांबावं लागतं. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये सेटिंगमधल्या ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’मध्ये तुमच्या फोनची पातळी लिहिलेली असते. फोन घेण्याआधीच दुकानात ती बघून घ्या, नंतर दुरुस्त होण्याची शक्यता कमी. स्क्रीनशॉट काढल्यावर काळा चौकोन येतो तोही याच कुलपामुळे. डाउनलोड केलेला सिनेमा काही दिवसांनी चालेनासा होतो, कारण फाइल फोनमध्ये असली तरी किल्लीची मुदत संपलेली असते.

न्यू जर्सीतल्या भावाचा प्रश्न तंत्राचा नसून कागदाचा आहे. सिनेमा विकला जातो तो हक्कांच्या तुकड्यांनी. चॅनलला उपग्रह हक्क, प्लॅटफॉर्मला डिजिटल हक्क, परदेशातल्या वितरकाला परदेशातले हक्क. करारात देशांची यादी आणि सुरुवातीची-शेवटची तारीख असते. ती यादी आम्ही फाइलसोबतच्या नोंदीत भरतो. प्लॅटफॉर्म आयपी पत्त्यावरून देश ओळखतो आणि हक्क नसेल तर शीर्षकच दाखवत नाही. मुदत संपली की ते भारतातही रात्री बारा वाजता गायब होतं. परदेशातले मराठी लोक चोरीच्या प्रती बघतात तेव्हा पुष्कळदा पैसे द्यायची तयारी असूनही बघतात, हे मी निर्मात्यांना आवर्जून सांगतो. मराठी सिनेमाचे परदेशी डिजिटल हक्क अनेकदा कुणी विकतच घेतलेले नसतात, निर्मात्याकडे नुसते पडून असतात. भाड्याने बघण्याची सोय असलेल्या एखाद्या सेवेवर ते टाकायला फार खर्च येत नाही. बे एरिया, लंडन, दुबई, सिडनी इथली महाराष्ट्र मंडळं तो सिनेमा बघतील.

पैशाचे प्रकार मोजके आहेत. वर्गणी, जाहिरात, आणि एकेका सिनेमाचं भाडं. काही जागी निर्मात्याला एकरकमी मिळतात, काही जागी किती मिनिटं बघितलं गेलं त्या हिशोबाने. दुसऱ्या प्रकारात प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत उठला की निर्मात्याचं थेट नुकसान होतं. वाईट एन्कोड आणि न ऐकू येणारे संवाद प्रेक्षकाला उठवतात, हे निर्मात्यांच्या लक्षात येत नाही.

आवाजाचं आता नीट सांगतो, कारण ही तक्रार सर्वांत जास्त येते. थिएटरसाठी आवाजाचं मिश्रण ५.१ मध्ये, म्हणजे आवाजाच्या सहा वेगळ्या वाहिन्यांत होतं. संवाद मधल्या स्पीकरला, संगीत आणि परिणाम बाजूंना. थिएटरमध्ये कुजबुज आणि स्फोट यांत प्रचंड अंतर ठेवता येतं, कारण खोली शांत असते आणि स्पीकर मोठे असतात. घरात पंखा चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात आणि टीव्हीला खाली तोंड केलेले दोन इवलेसे स्पीकर असतात. टीव्ही सहा वाहिन्या दोनमध्ये कोंबतो आणि संवाद संगीताखाली दबतात. खरं म्हणजे घरासाठी वेगळं मिश्रण करायला हवं. नेटफ्लिक्स संवादाची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएसच्या (आवाज किती मोठा जाणवतो ते मोजायचं एकक) आसपास असावी असा आग्रह धरतं आणि नसेल तर फाइल परत पाठवतं. असा आग्रह न धरणाऱ्या ठिकाणी थिएटरचं मिश्रण जसंच्या तसं जातं. निर्माते वेगळ्या मिश्रणाचा दिवसा-दोन दिवसांचा खर्च वाचवतात आणि दोन वर्षं खपून लिहिलेले संवाद घालवतात. तुमच्या हातात आहे ते असं: ॲपमध्ये आवाजाच्या पर्यायात ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा संवाद उठावदार करणारा पर्याय असेल तर तो चालू करा. पुष्कळ फरक पडतो.

सबटायटलचा विषय प्रश्नात नव्हता, पण मराठी सबटायटल नीट दिसत नाहीत तेव्हा काय झालेलं असतं ते सांगायला हवं. बऱ्याचदा मजकूर डीटीपीवाल्याकडून येतो आणि तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तिथे देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की निव्वळ कचरा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं आणि बदलताना जोडाक्षरं हमखास बिघडतात. ‘वाऱ्यावर’, ‘बिऱ्हाड’, ‘तऱ्हा’ हे शब्द मी डोळ्यांनी एकेक तपासतो. त्यातला ऱ नीट लिहिला गेला नसेल तर पडद्यावर भलताच रफार चढतो किंवा पाय मोडलेला र सुटा पडतो. मग जुने टीव्ही. काहींच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणीच येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते. अशा यंत्रांसाठी सबटायटल मजकूर म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवावी लागतात. हे काम खर्चाचं आहे, पण ऐकू न येणाऱ्या मराठी माणसाला मराठी सिनेमा मराठीत वाचता आला पाहिजे. इंग्रजी सबटायटल महोत्सवासाठी केलेली असतातच, मराठी मात्र कुणी मागत नाही म्हणून राहून जातात.

सगळ्याच्या मुळाशी मास्टर. निर्माता मला हार्डडिस्क देतो तेव्हा तिच्यात काय निघेल सांगता येत नाही. कधी फक्त डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत असते. तिचे रंग प्रोजेक्टरसाठी बांधलेले असतात, ते टीव्हीच्या रंगात बदलावे लागतात आणि डीसीपीला कुलूप असेल तर किल्ली शोधण्यापासून सुरुवात. कधी चॅनलला दिलेली टेपवरची प्रत असते: आडव्या ओळी एकाआड एक रंगवलेली, सेकंदाला २४ ची २५ चित्रं केलेली. हलत्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात आणि चार टक्के वेग वाढल्याने गाण्याची पट्टीही किंचित वर गेलेली असते. हे दोष एन्कोडरमध्ये आले की ते दातेही ‘बारकावा’ समजून तो बिट खर्च करतो, चेहऱ्याला कमी उरतात. म्हणजे दोष एकदा दिसतो आणि वर दर्जाही खातो.

माझी प्रत्येक मराठी निर्मात्याला विनंती आहे. काम संपल्या दिवशी चार गोष्टी वेगळ्या करून ठेवा. २४ चित्रांचा, न एकाआड केलेला, रंग दुरुस्त झालेला प्रोरेस (उच्च दर्जाचा व्हिडिओ-प्रकार) किंवा त्याच तोडीचा मास्टर. चित्रावर अक्षरं नसलेली प्रत. संवाद वगळून संगीत-परिणामांचा ट्रॅक, म्हणजे उद्या डबिंग होऊ शकेल. आणि संवादाची युनिकोडमधली यादी. दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. लॅबवर विसंबू नका, लॅब बंद पडतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तरी जानेवारी २००३ मध्ये तिथल्याच एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने सिनेमे कायमचे गेले. नायट्रेट पेटतं हे सगळ्यांना माहीत आहे. हार्डडिस्क कपाटात पडून पडून मरते हे तितकं माहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वीच्या मराठी सिनेमांचे मास्टर आत्ताच सापडेनासे झालेत, आणि यूट्यूबवरची ३६०पीची प्रत हीच शेवटची उरलेली प्रत, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे. सिनेमा धुरकट झाला की दुसरं एखादं गाजलेलं शीर्षक त्याच वेळी, त्याच ॲपवर लावून बघा. तेही धुरकट असेल तर दोष लाइनचा किंवा वायफायचा. ते स्वच्छ दिसलं तर तुमचाच सिनेमा दहा मिनिटांनी पुन्हा लावा. आता स्वच्छ आला तर मघाशी तुकडे जवळ नव्हते. तरीही नेमक्या त्याच जागी, त्याच दृश्याला बिघडत असेल, तर दोष फाइलमध्ये आहे आणि तो दुरुस्त होऊ शकतो. ॲपच्या मदत विभागाला कळवताना ‘क्वालिटी खराब’ असं लिहू नका, त्यावर तुम्हाला राउटर बंद-चालू करायला सांगतील. सिनेमाचं नाव, यंत्राचं मॉडेल, आणि जागा तास-मिनिट-सेकंदात लिहा: १ तास १२ मिनिटं ४० सेकंदांपासून मिरवणुकीत चौकोन दिसतात, किंवा ४२ व्या मिनिटाला सबटायटलमधला ऱ तुटलाय. अशी तक्रार क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या माणसापर्यंत पोचते. तो तेवढाच तुकडा उघडून बघतो, मास्टरशी ताडून पाहतो आणि दोष एन्कोडचा निघाला तर सिनेमा नव्याने एन्कोड होऊन आठवडा-दोन आठवड्यांत जुन्या फाइलच्या जागी बसतो.